येतो, जातो, पुन्हा लागतो: जड ट्रकच्या डॅशबोर्डवरील इशारा-दिव्यांचे समस्या निवारण

जड ट्रकच्या वायरिंगची कामे करताना माझा सर्वाधिक वेळ एकाच तक्रारीने खाल्ला आहे. दिवा लागतो, आपोआप विझतो आणि चार दिवसांनी पुन्हा लागतो, ही ती तक्रार. गाडी तपासायला उभी केली की डॅशबोर्ड स्वच्छ असतो. चालक उगाच सांगत नाही हे माहीत असते, पण हाताला काही लागत नाही. अशा वेळी ज्या भागाच्या नावाचा दिवा आहे तो भागच बदलून मोकळे होण्याचा मोह होतो. भाग बदलला जातो, दिवा आठवडाभर गप्प बसतो आणि मग परत येतो. ही चूक मी स्वतः पुष्कळ वेळा केली आहे, म्हणून तपासणीचा क्रम येथे सविस्तर लिहीत आहे.

या क्रमामागचा विचार असा की दिवा बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही. त्या भागाकडून कंट्रोल युनिटपर्यंत (म्हणजे ती यंत्रणा चालवणाऱ्या छोट्या संगणकापर्यंत) पोहोचलेला संकेत अपेक्षेप्रमाणे नाही, इतकेच तो सांगतो. संकेत सेन्सरमध्ये बिघडू शकतो, तसाच तो वायरमध्ये, कनेक्टरमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा बॅटरीच्या गंजलेल्या टर्मिनलवरही बिघडू शकतो. आणि वारंवार परतणाऱ्या तक्रारींचे मूळ मला बहुधा या शेवटच्या चार ठिकाणीच सापडले आहे.

लक्षणे

पहिला प्रकार असा की एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार दिवे एकदम लागतात. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे इशारे एकत्र येतात, कधी मीटरचे काटे क्षणभर शून्यावर पडतात आणि खड्डा ओलांडला की सगळे पूर्ववत होते. चार यंत्रणा एका क्षणी बिघडत नसतात, त्यामुळे येथे संशय त्या सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टींवर, म्हणजे वीजपुरवठा, अर्थिंग किंवा कंट्रोल युनिटांना जोडणाऱ्या कॅन वायरींवर घ्यावा.

दुसऱ्या प्रकारात एकच दिवा ठरावीक परिस्थितीत लागतो: फक्त चढावर, फक्त उजवे वळण घेताना, गाडी धुतल्यानंतर किंवा सकाळच्या पहिल्या स्टार्टला. तिसऱ्या प्रकारात दिव्याबरोबर मीटरचा काटाही खरोखर हललेला असतो. चौथ्यात कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेली एरर पुसल्यावर काही अंतर गाडी व्यवस्थित चालते आणि मग तोच दिवा परत येतो. धुराच्या फिल्टरचे आणि धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाचे दिवे प्रामुख्याने असे वागतात. पाचवा प्रकार कोणी तक्रार म्हणून सांगत नाही, पण मला त्याचीच सर्वाधिक भीती वाटते. तो म्हणजे चावी फिरवल्यावरही कधीच न लागणारा दिवा.

कोणतीही तपासणी सुरू करण्यापूर्वी रंग पाहावा. लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा मिळताच थांबणे, पिवळा म्हणजे प्रवास आवरता घेऊन लवकर तपासणे, आणि हिरवा किंवा निळा म्हणजे एखादी यंत्रणा चालू असल्याची केवळ माहिती. ऑइलचा दाब, इंजिनाचे तापमान आणि ब्रेकच्या हवेचा दाब या तिघांपैकी कोणताही लाल दिवा चालू गाडीत लागला, तर तो खोटा असल्याचे सिद्ध होईपर्यंत खराच मानावा. ऑइलचा दाब गेला की क्रँकच्या बेअरिंगमधील तेलाचा पातळ थर नाहीसा होतो आणि धातूवर धातू घासू लागतो. त्यानंतर इंजिनाकडे तास नसतात, मिनिटेच असतात. ‘पुढच्या थांब्यापर्यंत नेऊ’ या विचाराने इंजिन जाम झालेली गाडी ओढून आणण्याची वेळ माझ्यावर एकाहून अधिक वेळा आली आहे.

चावी, डोळे आणि वही

सर्वांत सोपी तपासणी फुकट आहे. चावी फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. बहुतेक इशारा-दिवे काही सेकंद एकत्र लागून स्वतःची चाचणी घेतात आणि मग एकेक विझतात, तर ऑइल दाब व चार्जिंगचे दिवे इंजिन सुरू होईपर्यंत राहतात. जो दिवा या वेळी लागत नाही, तो गरजेच्या वेळीही लागणार नाही. एका वापरलेल्या ट्रकचा मीटर-कन्सोल दुसऱ्याच कामासाठी उघडला, तेव्हा ऑइल दाबाच्या दिव्यावर मागच्या बाजूने काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन थर नीट कात्रीने कापून चिकटवलेले मला दिसले. कोणीतरी तक्रार मिटवली होती. बिघाड जागच्या जागी होता. जुनी गाडी ताब्यात घेताना ही चाचणी हटकून करावी.

यानंतर लिहून ठेवण्याचे काम येते आणि तेच सर्वाधिक टाळले जाते. कोणता दिवा लागला, स्थिर होता की लुकलुकत होता, गाडी भरलेली होती की रिकामी, रस्ता चढाचा होता की सपाट, पाऊस होता का, आणि त्या क्षणी हवा, ऑइल, तापमान व व्होल्टेज यांचे काटे कोठे होते, हे चालकाने थांबल्यावर लगेच नोंदवावे किंवा डॅशबोर्डचे छायाचित्र काढून ठेवावे. अधूनमधून येणारा बिघाड माझ्यासमोर येणारच नाही हे मी गृहीत धरतो. त्यामुळे ही नोंद हाच माझा मुख्य पुरावा असतो. याच कारणाने दिवा घालवण्यासाठी बॅटरीची केबल काढू नये आणि स्कॅनरने (कंट्रोल युनिटमधील नोंदी वाचणाऱ्या उपकरणाने) एरर पुसूही नयेत. काही गाड्यांत त्याबरोबर बिघाडाच्या वेळची नोंद जाते, आणि मग पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

ऑइल, कूलंट आणि डिझेलमधील पाणी

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ऑइलची डिपस्टिक पाहावी. ऑइल कमी असेल तर वळणावर किंवा उतारावर पंपाचे तोंड क्षणभर उघडे पडते आणि दिवा लुकलुकतो. कारण अगदी साधे असते, पण प्रत्येक लुकलुकीत बेअरिंगची झीज होते. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलेले असेल, त्याला डिझेलचा वास येत असेल किंवा ते दुधाळ दिसत असेल, तर त्यात डिझेल किंवा कूलंट मिसळले आहे. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू करू नये. येथे घरची तपासणी संपते.

कूलंटची पातळी टाकीच्या बाहेरील खुणांवरून पाहावी. इंजिन गरम असताना या टाकीचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, कारण आतील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांपुढे तापूनही उकळलेले नसते आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येते. चढावर किंवा उतारावरच लागणारा कूलंटचा दिवा पुष्कळदा पातळी किंचित कमी असल्याचे सांगत असतो, कारण टाकी तिरकी होताच सेन्सर उघडा पडतो. पातळी बरोबर असूनही दिवा येत असेल, तर इंजिन थंड झाल्यावर सेन्सरच्या टोकावर क्षारांचा किंवा गाळाचा थर बसला आहे का ते पाहावे. एक बारकावा लक्षात असू द्यावा. कूलंट बरेच वाहून गेले की तापमानाचा सेन्सर पाण्यात न राहता वाफेत राहतो आणि काटा खाली येऊ शकतो. तापलेल्या इंजिनाचा काटा काही कारण नसताना झपाट्याने उतरला, तर ती चांगली बातमी समजू नये.

डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला, तर वॉटर सेपरेटरच्या तळाची चावी उघडून खालचे पाणी भांड्यात काढावे आणि स्वच्छ डिझेल येऊ लागले की ती बंद करावी. पाणी खरोखर निघाले तर दिवा खरा होता. प्रत्येक वेळी निघत असेल, तर टाकीचे झाकण, डिझेल भरण्याची जागा किंवा टाकीतील साठलेले पाणी शोधावे लागेल. पाणी अजिबात न निघता दिवा राहिला, तर सेपरेटरच्या बुडाशी असलेला कनेक्टर पाहावा. तो रस्त्याच्या चिखलात सतत भिजत असतो.

ब्रेकची हवा

हवेच्या दोन स्वतंत्र सर्किटांचे दोन काटे असतात, आणि त्यांपैकी एक जरी ठरलेल्या मर्यादेखाली गेला तरी बझर वाजतो व दिवा लागतो. ही मर्यादा गाडीनुसार साधारण ४ ते ५.५ बारच्या आसपास असते. दोन्ही काटे पूर्ण वर असताना दिवा लागत असेल, तर दोष प्रेशर स्विचमध्ये, सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये असतो. काटा आणि दिवा दोघेही खाली येत असतील, तर हवा खरोखर गळते आहे किंवा कॉम्प्रेसर पुरेशी भरत नाही. हा फरक पाहायला अर्धे मिनिट लागते आणि त्यावर पुढील सगळे काम अवलंबून असते.

गळती पाहण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढून-मागून ओंडके लावावेत, हवा पूर्ण भरावी, इंजिन बंद करून पार्किंग ब्रेक सोडावा आणि काटे पाहावेत. ब्रेक न दाबता एका मिनिटात २ पीएसआय, म्हणजे सुमारे ०.१४ बार, यापेक्षा जास्त उतार पडू नये. ट्रेलर जोडलेला असल्यास ३ पीएसआयपर्यंत चालते. पेडल दाबून धरल्यावर, सुरुवातीची घसरण सोडून, एकट्या ट्रकसाठी ३ आणि ट्रेलरसह ४ पीएसआय ही मोजपट्टी वापरली जाते. गळती केवळ पेडल दाबल्यावरच दिसत असेल, तर ती ब्रेक चेंबरच्या बाजूला आहे, हा या दोन चाचण्यांचा खरा फायदा. जोडांवर साबणाचे पाणी लावले की जागा फुग्यांनी कळते. टाक्यांचे ड्रेन उघडून पाणी काढावे. पाण्याबरोबर काळे ऑइल भरपूर येत असेल, तर कॉम्प्रेसर ऑइल ओढत आहे आणि एअर ड्रायरही निकामी होण्याच्या वाटेवर आहे.

गळती ब्रेक चेंबरमधूनच येत असली तरी स्प्रिंग-ब्रेकच्या चेंबरचा पट्टा खोलू नये. आतील दाबलेली स्प्रिंग सुटली तर समोरचा माणूस वाचत नाही. हे काम ज्याला शिकवले आहे त्यानेच करायचे असते.

बॅटरी आणि अर्थिंग

येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पहिल्या प्रकारच्या बहुतेक तक्रारी मी याच टप्प्यावर मिटवल्या आहेत. लागते ते एक साधे मल्टिमीटर.

२४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर दोघींचा मिळून व्होल्टेज २५.२ किंवा अधिक असावा. २४ च्या खाली असेल तर त्या जवळजवळ उतरल्या आहेत. मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी. दोघींत पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर कोणीतरी संगीत, पंखा किंवा मोबाइल चार्जर यांसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढली आहे का ते पाहावे. असे केल्याने एक बॅटरी सतत उपाशी राहते आणि दुसरी सतत जास्त चार्ज होते. अल्टरनेटरला दोघींची बेरीजच दिसत असल्याने त्याला काही चुकते आहे असे वाटत नाही. योग्य उपाय म्हणजे २४ वरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर. बाकी सर्व जुगाड आज ना उद्या डॅशबोर्डवर दिसतात.

आता स्टार्टर मारताना मीटर पाहावे. व्होल्टेज १८ ते १९ च्या खाली कोसळत असेल, तर काही कंट्रोल युनिट त्या क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होतात, आणि इतरांना त्यांचा संदेश न मिळाल्यामुळे स्टार्ट झाल्या झाल्या दिव्यांची रांग लागते. सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच येणाऱ्या दिव्यांचे हे नेहमीचे कारण आहे. इंजिन चालू असताना साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसावेत. त्याहून बरेच कमी असतील तर बेल्ट, अल्टरनेटरच्या जोडण्या आणि मग अल्टरनेटर, या क्रमाने पाहावे, आणि ३० च्या दिशेने जात असतील तर गाडी बंद करावी, कारण जास्त व्होल्टेजने कंट्रोल युनिट जळतात. अल्टरनेटर चालतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनात बॅटरीची केबल काढण्याची जुनी सवय आजच्या गाड्यांत सोडून द्यावी. त्या क्षणी उठणारा व्होल्टेजचा झटका त्याच युनिटांवर जातो.

अर्थिंग डोळ्यांनी तपासता येत नाही. एका ट्रकचे एबीएस, इंजिन आणि रिटार्डर (वेग आवरणारी जादा यंत्रणा) यांचे दिवे भरलेल्या स्थितीत चढावर एकत्र लागत असत. आमच्याआधी दोन ठिकाणी मिळून तीन सेन्सर आणि एक रिले बदलून झाला होता. चेसिस आणि इंजिन यांमधील जाड विणलेली अर्थ-पट्टी बाहेरून चांगली दिसत होती, बोल्टही घट्ट होता. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर मारला, तर मीटरने १.४ व्होल्ट दाखवले. अर्धा व्होल्ट हीच माझ्या मते खूप झाला. बोल्ट काढल्यावर पट्टीच्या डोळ्याखाली चेसिसचा रंग होता, आणि त्या रंगातून गंज शिरून हिरवट-तपकिरी पूड झाली होती. चेसिस रंगवताना पट्टी काढली गेली होती आणि रंगावरच परत बसवली गेली होती. रिकाम्या गाडीत ती पुरत असे. चढावर इंजिन आपल्या पायांवर पिळले गेले की उरलेला स्पर्शही सुटत असे. जागा घासून उघड्या धातूपर्यंत नेली, पट्टी बसवली, वरून ग्रीस लावले, आकडा ०.१ वर आला आणि ती तक्रार पुन्हा आली नाही.

हीच मोजणी बॅटरी ते चेसिस, चेसिस ते केबिन आणि बॅटरीचे धन टोक ते स्टार्टर अशीही करावी. प्रत्येक मोजणी भाराखाली घ्यावी, कारण प्रवाह वाहत नसताना कुजलेली केबलही मीटरवर निरोगी दिसते.

फ्यूज आणि कनेक्टर

फ्यूज जळला असेल तर त्याच क्षमतेचा दुसरा एकदाच बसवून पाहावा. तोही गेला तर वायर कोठेतरी घासून चेसिसला लागते आहे. जास्त क्षमतेचा फ्यूज बसवल्यास फ्यूजऐवजी वायर तापते आणि आग तेथूनच लागते.

गाडी धुतल्यानंतर येणाऱ्या दिव्यांसाठी उच्च दाबाचा फवारा कोठे मारला गेला हे विचारावे. कनेक्टर सोडवून त्यात पाणी, हिरवट गंज, वाकलेली पिन किंवा सरकलेले रबरी सील आहे का पाहावे. मादी पिन सैल झाली असेल तर कनेक्टर पूर्ण बसलेला दिसूनही स्पर्श अर्धवट राहतो. त्याच मापाची सुटी पिन त्यात घालून ती किती पकड घेते हे हाताला कळते. वायरच्या आवरणात सुई टोचून व्होल्टेज पाहू नये, कारण त्या छिद्रातून पाणी शिरते आणि काही महिन्यांनी तांबे आतल्या आत कुजते. अशी एक सुईची जागा शोधण्यात माझे दोन दिवस गेले आहेत. टोचणारा मीच होतो की दुसरा कोणी, हे सांगण्याची सोय नाही.

इंजिन चालू ठेवून लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, थोडा थोडा हलवत पुढे जावे आणि दुसऱ्या माणसाने डॅशबोर्ड पाहावा. केबिन जेथे कलते तो वाकणारा भाग, चेसिसच्या कडेवरून जाणारे वळण आणि एक्झॉस्टजवळील पट्टा या तीन जागा आधी घ्याव्यात. हात पंख्याच्या व बेल्टच्या जवळ नेऊ नये, आणि केबिन कलवली असेल तर तिचा सुरक्षा-टेकू लागला असल्याची खात्री करावी.

एबीएसचा वारंवार येणारा दिवा

हा दिवा बहुधा चाकाच्या सेन्सरचा असतो. सेन्सर घर्षणाने बुशमध्ये धरलेला असतो आणि दातेरी रिंगला जवळजवळ टेकलेला असावा लागतो. अंतर वाढले की त्याचा संकेत क्षीण होतो. सेन्सर हाताने पुढे ढकलला की दिवा जातो, आणि येथेच बरेच जण थांबतात. तो काही दिवसांत पुन्हा मागे सरकत असेल, तर चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे आणि रिंगच त्याला मागे ढकलते आहे. अशा गाडीत दिवा विझवत राहणे म्हणजे सैल बेअरिंगवर पडदा टाकणे होय. दुरुस्तीनंतर गाडी उभी असतानाच दिवा जाईल अशी अपेक्षा करू नये. सेन्सरचा बिघाड दूर केल्यावर दिवा गाडी ताशी सुमारे १० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर विझतो, कारण चाक फिरल्याखेरीज एबीएसला तपासणी पूर्ण करता येत नाही.

धुराचा फिल्टर आणि युरियाचे द्रावण

हे दिवे मात्र वायरिंगपेक्षा गाडीच्या वापराबद्दल जास्त सांगतात. धुराच्या फिल्टरमध्ये (डीपीएफ) साठलेली काजळी जाळण्यासाठी आतील तापमान साधारण ५५० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते. सतत कमी वेगाची, थांबत जाणारी आणि तासन्तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी तेथपर्यंत पोहोचतच नाही. पहिला स्थिर दिवा लागताच काही वेळ भारासह सलग गाडी चालवली किंवा गाडी उभी ठेवून रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळण्याची क्रिया, केली तर काम भागते. दुर्लक्ष केल्यास दिवा लुकलुकतो, मग इंजिनाची ताकद कमी केली जाते आणि शेवटी लाल दिवा येतो. उभ्याने रिजनरेशन करताना वाळलेले गवत, इंधन किंवा बंद छत जवळ नसावे. ते बंद ठेवण्याचे बटण चुकून दाबलेले राहिले आहे का, हेही पाहावे. मी ते एकापेक्षा अधिक गाड्यांत दाबलेले पाहिले आहे. दिवा नेहमीपेक्षा लवकर परतत असेल, तर फिल्टर काढण्याआधी त्याच्या दाब-सेन्सरच्या दोन बारीक नळ्या तडकल्या किंवा तुंबल्या नाहीत ना हे पाहावे. त्यानंतर गळणारा इंजेक्टर आणि ऑइल सोडणारा टर्बो यांचा विचार करावा.

एडब्लू किंवा डीईएफ या नावाने मिळणाऱ्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो आणि ते उणे ११ अंशांना गोठते. गुणवत्तेचा दिवा लागला तर रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणाची तीव्रता दाखवणाऱ्या उपकरणावर) एक थेंब घालून प्रमाण पाहावे. उन्हात दीर्घकाळ ठेवलेले द्रावण आणि दुसऱ्याच कशासाठी वापरलेले नरसाळे ही दोन कारणे नेहमी आढळतात. या टाकीत चुकून डिझेल गेले असेल, तर चावीही फिरवू नये. चावी फिरताच पंप ते पुढे ढकलू शकतो आणि टाकी धुण्याच्या कामाचे रूपांतर पूर्ण यंत्रणा बदलण्यात होते.

कोड वाचणे

वरील सर्व झाल्यावर स्कॅनर लावावा. जड वाहनांची कंट्रोल युनिटे ज्या जे-१९३९ या सामाईक पद्धतीने बोलतात तिच्यात प्रत्येक बिघाडाला दोन आकडे असतात. एसपीएन कोणत्या गोष्टीबद्दल तक्रार आहे ते सांगतो. उदाहरणार्थ १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचे तापमान, १११ म्हणजे त्याची पातळी आणि १६८ म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज. एफएमआय तक्रार कशा स्वरूपाची आहे ते सांगतो, आणि माझ्या मते खरी माहिती या दुसऱ्या आकड्यात असते. ०, १, १५, १६, १७ आणि १८ हे आकडे मोजलेली किंमत खरोखर जास्त किंवा कमी असल्याचे दर्शवतात. ३ व ४ हे अनुक्रमे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त आणि कमी असल्याचे, तर ५ हा प्रवाह कमी असल्याचा किंवा सर्किट तुटल्याचा असतो. म्हणजे १०० बरोबर १ आला तर ऑइलचा दाब खरोखर गेला आहे, इंजिन बंद ठेवावे. १०० बरोबर ३ किंवा ४ आला तर आधी वायर आणि कनेक्टर पाहावेत. हा फरक न पाहिल्यामुळे चांगले सेन्सर बदलले जातात आणि क्वचित खरा इशारा ‘सेन्सरच खराब आहे’ म्हणून उडवून लावला जातो.

अनेक युनिटांनी एकमेकांशी संपर्क तुटल्याची तक्रार केली असेल, तर बॅटरी सोडवून कॅनच्या दोन वायरींमधील रोध मोजावा. गोल नऊ पिनांच्या निदान-कनेक्टरमध्ये तो ‘सी’ आणि ‘डी’ या पिनांवर मिळतो. वायरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असल्याने मीटरवर ६० च्या आसपास आकडा यावा. १२० आला तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आला तर दोन वायरी कोठेतरी एकमेकींना लागल्या आहेत. अशा वेळी नंतर बसवलेला ट्रॅकर किंवा तत्सम उपकरण या वायरींना चिमटा लावून जोडलेले असेल, तर ते सर्वांत आधी सोडवून पाहावे.

कोठे थांबावे

ऑइलची पातळी बरोबर असूनही दाबाचा लाल दिवा राहत असेल, तर यांत्रिक गेज लावून खरा दाब पाहणाऱ्या माणसाला बोलवावे आणि तोपर्यंत स्टार्टर मारू नये. हवा मर्यादेवर टिकत नसेल तर गाडी एक फूटही हलवू नये, ओढून न्यावी. कॉमन रेलच्या डिझेल लाइनची गळती हाताने चाचपू नये. तेथील दाब दोन हजार बारच्या घरात जातो आणि सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. तसे घडल्यास जखम बारीक दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. एअरबॅगचा दिवा, स्टिअरिंगचा लाल दिवा, इलेक्ट्रॉनिक ब्रेकचा लाल दिवा आणि कंट्रोल युनिटचे प्रोग्रॅमिंग ही कामे घरच्या मीटरची नाहीत. अर्थिंग, पुरवठा आणि कनेक्टर तपासून दोन दिवस झाले आणि तरीही कारण सापडले नाही, तर मीही ते काम सर्किट-नकाशे आणि मूळ सॉफ्टवेअर असलेल्या तज्ज्ञाकडे सोपवतो. त्याच्याकडे गाडी देताना चालकाची वही, पुसण्यापूर्वीच्या कोडची यादी आणि मोजलेले आकडे बरोबर द्यावेत, आणि कोणते भाग आधीच बदलले आहेत तेही न लाजता सांगावे.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून, ज्या परिस्थितीत दिवा येत असे त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. भरलेल्या गाडीचा चढावरचा बिघाड रिकामी गाडी आवारात फिरवून तपासता येत नाही. परत आल्यावर सक्रिय आणि जुने असे दोन्ही प्रकारचे कोड पुन्हा वाचावेत, कारण दिवा न लागताही एखादा कोड क्षणभर येऊन गेलेला असू शकतो.